शेअरचा भाव पाठ, एसटीची वेळ ठाऊक नाही

फोन पालथे ठेवा आणि नीट ऐका. तुम्ही आता मोठे झालात. कुणी शिरवळच्या कंपनीत सुपरवायझर आहे, कुणी खेड शिवापूरला गोदाम सांभाळतो, कुणी नसरापूरच्या चौकात दुकान थाटलंय. लग्नं झाली, पोरंबाळं झाली. म्हणून मास्तरांनी आता बोलू नये, हा नियम मला मान्य नाही. ज्यांना मी त्रैराशिक शिकवलं, त्यांचं गणित भर चौकात चुकताना मी बघत बसणार नाही.

तुमच्यापैकी कुणालाही विचारावं की ओला इलेक्ट्रिक आज कितीला आहे, तर उत्तर पैशांसकट येतं. एथरची लिस्टिंग कधी झाली ते पाठ आहे. टेस्लाने मुंबईत शोरूम कुठं उघडलं तेही पाठ आहे. मग मी विचारतो, आपल्या गावाची सकाळची एसटी किती वाजता सुटते? एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसता. ती सुटते की बंद पडली, हेसुद्धा धड सांगता येत नाही. ज्या गाडीने तुम्ही पाचवीपासून बारावीपर्यंत शाळा गाठलीत तिचं वेळापत्रक विसरलात, आणि ज्या कंपनीचा ताळेबंद कधी उघडून बघितला नाही तिचा भाव तोंडपाठ केलात. याला प्रगती म्हणत नाहीत. ही अक्कल गहाण टाकणं आहे.

आज दोन हिशेब मांडतो. पहिला, तुम्ही शेअरमध्ये घातलेल्या पैशांचा. दुसरा, तुम्ही दारात उभ्या केलेल्या गाडीचा आणि तिच्यापायी सोडून दिलेल्या एसटीचा. दोन्हींत तुम्ही नापास आहात. कुठं चुकलात ते दाखवतो.

बाजारमूल्य म्हणजे काय? कंपनीचे एकूण शेअर गुणिले एका शेअरचा आजचा भाव. एवढंच. कंपनीने गाड्या किती बनवल्या, नफा किती कमावला, गिऱ्हाईक समाधानी आहे की हेलपाटे घालतंय, हे त्या गुणाकारात येत नाही. तो आकडा घेऊन तुम्ही छाती फुगवता आणि ‘सर, कंपनी मोठी आहे’ म्हणून मलाच ऐकवता. व्हिएतनामची विनफास्ट ऑगस्ट २०२३मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली. पहिल्याच दिवशी तिचं मूल्य ८,५०० कोटी डॉलरच्या घरात गेलं, फोर्ड आणि जनरल मोटर्सपेक्षा जास्त. कारण काय? जवळपास ९९ टक्के शेअर मालकाच्याच ताब्यात होते आणि खरेदी-विक्रीला होते मूठभर. त्या मूठभर शेअरसाठी झुंबड उडाली, भाव चढला, तोच भाव सगळ्या शेअरना लावून गुणाकार झाला. काही आठवड्यांत भाव कोसळला. गुणाकार बरोबर होता. त्यातून काढलेला अर्थ चुकीचा होता.

अमेरिकेतली निकोला त्याहून वाईट. जून २०२०मध्ये ती बाजारात आली आणि गिऱ्हाइकाच्या हाती एकही ट्रक न देता काही काळ फोर्डपेक्षा महाग ठरली. तिच्या चित्रफितीत धावणारा ट्रक स्वतःच्या ताकदीवर धावतच नव्हता, उतारावर सोडलेला होता. उतारावर सोडलेली गाडी धावते हे वरंधा घाट उतरणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. पण शेअर घेणाऱ्यांपैकी कुणी विचारलंच नाही. २०२२मध्ये कंपनीचा संस्थापक फसवणुकीच्या खटल्यात दोषी ठरला, फेब्रुवारी २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. संस्थापकाला पुढे राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. ज्यांचे पैसे बुडाले, त्यांचे बुडालेच.

आता घराजवळ या. ओला इलेक्ट्रिकने ऑगस्ट २०२४मध्ये ७६ रुपयांना शेअर विकले. ९ तारखेला नोंदणी झाली, २० तारखेला भाव १५७ रुपयांवर गेला. त्या अकरा दिवसांत कंपनीच्या कारखान्यात असं काय बदललं होतं की तिची किंमत दुप्पट व्हावी? हा प्रश्न तुमच्यातल्या एकालाही पडला नाही. उलट १४०-१५०ला उड्या मारून घेतलेत. पुढच्या वर्षी जुलैत तोच शेअर ४० रुपयांच्या आसपास होता. आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? ‘ॲव्हरेज’ केलंत, म्हणजे पडत्या भावात आणखी घेतलेत. चुकीच्या रस्त्याला लागलेला माणूस थांबून वाट विचारतो. तुम्ही वेग वाढवलात.

भागाकार येतो ना? मग करा. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात ओलाने साधारण ३ लाख ३० हजार स्कूटर दिल्या आणि १,५८४ कोटी रुपयांचा तोटा दाखवला. म्हणजे एका स्कूटरमागे ४८ हजार रुपये तोटा. पुढच्या वर्षी साधारण ३ लाख ५९ हजार स्कूटर, तोटा २,२७६ कोटी. एका स्कूटरमागे ६३ हजार. हा ढोबळ भागाकार आहे, सगळा तोटा स्कूटरच्याच डोक्यावर टाकता येत नाही, हे मला कळतं. नवा कारखाना उभा राहताना पहिली वर्षं तोट्यात जातात, हेही कळतं. पण नग वाढले तर नगामागचा तोटा उतरायला हवा. इथं तो चढला. पहिल्या वर्षाचा आकडा तर शेअरविक्रीच्या कागदपत्रातच छापलेला होता. तो वाचायला सीए लागत नाही, सातवीचं गणित लागतं, आणि ते मी तुम्हाला शिकवलं होतं.

ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कंपनीला नोटीस दिली. वर्षभरात राष्ट्रीय हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. त्यातल्या ९९ टक्क्यांहून अधिक सोडवल्या, असं कंपनीने कळवलं. मे २०२५मध्ये टीव्हीएस आणि बजाज या दोघांनीही विजेच्या स्कूटरच्या मासिक विक्रीत तिला मागे टाकलं. बजाजची विजेवरची चेतक आपल्या जिल्ह्यातली, आकुर्डीची. ती जानेवारी २०२०मध्ये आली तेव्हा कंपनीकडे पेट्रोलच्या मोटारसायकली आणि रिक्षांचा नफा होता, त्या आधारावर नवं काम सावकाश उभं करता आलं. बजाज ऑटोचा मार्च २०२५च्या वर्षाचा नफा ८ हजार कोटींच्या वर आहे. मी कुठलाही शेअर घ्या म्हणत नाही, विका म्हणत नाही. विजेची गाडी बनवणाऱ्या दोन कंपन्या सारख्या नसतात, आणि ‘ईव्हीचं भविष्य आहे’ एवढ्या एका वाक्यावर पैसे लावणाऱ्याला मी गुंतवणूकदार म्हणणार नाही.

टेस्लाचं नाव घेऊन तर तुम्ही माझं तोंडच बंद करता. २०२४ साली टेस्लाने साधारण १८ लाख मोटारी दिल्या. टोयोटाच्या समूहाने त्याच वर्षी १ कोटी ८ लाख विकल्या, आणि नफाही टेस्लाच्या कितीतरी पट कमावला. तरी वर्षअखेरीला टेस्लाचं बाजारमूल्य टोयोटाच्या चौपटीहून अधिक होतं. टेस्लाच्या त्या वर्षीच्या नफ्याने तिच्या मूल्याला भागलं तर उत्तर १८०च्या आसपास येतं. नफा आहे तेवढाच राहिला तर पूर्ण किंमत वसूल व्हायला १८० वर्षं लागतील. ज्यांनी हा भाव दिला त्यांनी आजच्या मोटारींसाठी नव्हे, उद्याच्या स्वयंचलित गाड्या आणि यंत्रमानवांच्या आशेवर दिला. आशेला भाव देणाऱ्याची ऐपत वेगळी असते. तुम्ही जे लावलं ते रिंगरोडला गेलेल्या जमिनीचे पैसे होते. कुणी आईची पोस्टातली ठेव मोडली. आठवडे बाजारातून म्हैस आणताना दोन वेळची धार काढून दूध मोजल्याशिवाय इसार देत नाही, आणि इथं दोन-दोन लाख टाकताना ताळेबंदाचं एक पान उलटवलं नाही. हा धाडसीपणा नाही, हा आळस आहे.

आणि या दोन हिशेबांची गाठ कुठं पडते, तेही दाखवतो. जुलै २०२३मध्ये एसटी महामंडळाने ५,१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचं काम ऑलेक्ट्रा आणि तिच्या एव्ही या जोडकंपनीला दिलं. काम सुमारे १० हजार कोटींचं. बातमी आली, ऑलेक्ट्राचा शेअर उसळला, तुम्ही एकमेकांना मेसेज केलेत. मे २०२५मध्ये परिवहनमंत्र्यांनी बस वेळेवर मिळाल्या नाहीत म्हणून करार रद्द करण्याचे निर्देश दिले. पाच हजारांपैकी तोवर आल्या होत्या जेमतेम सव्वादोनशे. मधली जवळपास दोन वर्षं तुम्ही त्या शेअरचा भाव रोज बघत होता. त्या पाच हजार बसमधल्या किती आल्या, भोर-वेल्ह्याच्या वाट्याला एखादी येणार का, हे कुणी विचारलं? शेअर वर गेल्याने चेलाडी फाट्यावर एक गाडी जास्त थांबत नाही. बस आली तर थांबते. तुम्हाला शेअर दिसला, बस दिसली नाही.

आता दारातल्या गाडीकडे या.

भोरहून पुण्याला रोज नोकरीला जाणारे तुम्ही. आठ लाखांचं कर्ज काढून छोटी विजेची मोटार घेतलीत. व्याज साडेनऊ टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता येतो १३ हजारांच्या थोडा वर, आणि मुदत संपेपर्यंत भरता जवळपास ११ लाख. त्यावर विमा, टायर, दुरुस्ती. वीज स्वस्त पडते हे खरं, पेट्रोलच्या मानाने तर फारच स्वस्त. पण तुम्ही फक्त विजेचा खर्च सांगता आणि हप्ता गिळून टाकता. आता एसटी. साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा एक टप्पा साधारण १० रुपयांचा. भोर ते स्वारगेट पन्नास-बावन्न किलोमीटर, नऊ टप्पे धरा. जाऊन-येऊन १८० रुपये. मासिक पासाला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो, म्हणजे ३,६०० रुपये. दोन-चार रुपये इकडेतिकडे होतील. एका बाजूला तेरा हजार आणि वरचा खर्च, दुसऱ्या बाजूला साडेतीन हजार. फरक महिन्याला दहा हजारांचा. पोराच्या फीसाठी पतसंस्थेत चकरा मारता, तेव्हा हे दहा हजार कुठं जातात हे आठवत जा.

आणि स्वारगेटला उतरल्यावर पुढं कसं जायचं, हे कारण आता सांगू नका. २९ सप्टेंबर २०२४ला मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. एसटीतून उतरून जमिनीखाली गेलात की शिवाजीनगर, पिंपरी एका तिकिटात. स्वारगेट ते कात्रज मार्गालाही केंद्राने मंजुरी दिली आहे. विजेची मोटार घेतली म्हणून नवले पुलाच्या कोंडीत तुम्हाला वेगळी वाट मिळत नाही. पेट्रोलच्या गाडीला जेवढी जागा लागते, तेवढीच विजेच्या गाडीला लागते. आत माणूस एकच.

विजेचाच हिशेब हवा असेल तर तोही घ्या. विजेची मोटार एका युनिटवर सहा-सात किलोमीटर जाते. स्कूटर तीस-पस्तीस जाते. बारा मीटरची बस जेमतेम एक किलोमीटर जाते, पण तिच्यात चाळीस माणसं असतात. माणशी बघा: मोटारीला सहा-सात, स्कूटरला तीस-पस्तीस, बसला जवळपास चाळीस. मोटारीत चौघं बसलात तर गणित पुष्कळ सुधारतं. पण तुम्ही चौघं चार मोटारी घेऊन एकाच कंपनीच्या गेटवर उतरता. ज्याला वाडीवरून फाट्यापर्यंत यायचंय, त्याच्यासाठी विजेची स्कूटर उत्तम आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण पेट्रोलची मोटार विकून विजेची घेतली की आपण पृथ्वीवर उपकार केले, ही समजूत डोक्यातून काढा.

आता मुख्य अपराधाकडे येतो. तुम्ही स्वतःचे पैसे घालवलेत, ते तुमचे होते. पण तुम्ही एसटीतून उतरलात आणि त्याचा दंड दुसऱ्यानेच भरला.

फेरी चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवताना महामंडळ भारमान बघतं. शंभर जागांमागे किती भरल्या, त्याचा हा हिशेब. एकाने मोटारसायकल घेतली, एक जागा रिकामी झाली. दहा जणांनी घेतल्या, दहा जागा रिकाम्या झाल्या. भारमान घसरलं, दुपारची फेरी कमी झाली. दुपारची फेरी नाही म्हणून अकराव्याने गाडी घेतली. मग सकाळची गेली. कोविड आला, त्यानंतर २०२१च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या काळात तुम्ही जी पाठ फिरवलीत ती फिरवलीतच. पूर्वी महामंडळाच्या साधारण १८ हजार गाड्या होत्या, पुढं त्या चौदा-पंधरा हजारांवर आल्या. गाड्या कमी झाल्या की आधी कात्री कुठं लागते? पुणे-मुंबईला नाही लागत. आडवळणाच्या गावाला लागते. २०११च्या जनगणनेत अवघ्या ५४ हजार वस्तीचा वेल्हे तालुका, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, त्याला रेल्वे नाही, स्वतःचं एसटी आगार नाही. इथली फेरी गेली की दुसरा पर्याय उरत नाही.

दंड कोण भरतं, ते तुम्हाला दिसत नाही, कारण त्या वेळी तुम्ही काचा वर करून निघून गेलेले असता. मला रोज दिसतं. आठवीतली मुलगी साडेसहापासून फाट्यावर उभी असते. दप्तर पाठीऐवजी पोटाशी घेतलेलं, कारण पाऊस मागून झोडपतोय. पास प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून दप्तराच्या आतल्या कप्प्यात. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. तो शाळेत आणून द्यायची योजनाही आली, पासासाठी आगारात खेटे घालायला नकोत. सरकारने पास दिला. गाडीच आली नाही तर ती मुलगी त्या पासाचं काय करणार? वडापची जीप येते. जीपवाला पास बघत नाही, वीस रुपये मागतो. आत अकरा माणसं, मागच्या फळीवर चार पोरं लोंबकळलेली. घरून निघताना आईने बजावलेलं असतं की जीपने जायचं नाही. मुलगी मागे फिरते. माझ्या हजेरीपटावर पहिल्या तासाला तिच्या नावापुढं गैरहजेरी पडते. आठवड्यात असे दोन दिवस झाले की घरात बोलणं सुरू होतं, कशाला पाठवायचं एवढ्या लांब. आणि दोन वर्षांनी तीच मुलगी डोक्यावर भाताच्या रोपांची मुडी घेऊन खाचराकडे जाताना दिसते.

त्याच फाट्यावरून तुमची मोटार एकटी जाते. मागची तीन सीटं रिकामी.

राग येतोय? येऊ द्या. मीही रागानेच बोलतोय.

म्हाताऱ्यांचं तसंच. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटीचा प्रवास फुकट आहे, बायकांना मार्च २०२३पासून अर्ध्या तिकिटात. डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला जायचं तर म्हातारा तुमच्या रविवारच्या सुट्टीची वाट बघत बसतो. पूर्वी तो कुणाला न विचारता मुक्कामी गाडीने पहाटे निघायचा आणि संध्याकाळी परत यायचा. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात वस्तीला राहणारी एसटी. चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपायचे, पहाटे गावच त्यांना उठवायचं. ती गाडी गेली आणि म्हाताऱ्या माणसाचं स्वतःच्या पायावरचं स्वातंत्र्य गेलं. आई-बापांना मोटारीत बसवून बालाजीला नेलंत म्हणून तुमचं कर्तव्य संपत नाही. रोजच्या रोज त्यांना तुमच्या तोंडाकडे बघायला लागू नये, ही खरी सेवा आहे.

तुमची उत्तरं मला ठाऊक आहेत. ‘सर, गाडी वेळेवर येत नाही.’ खरं आहे. पण वेळेवर यावी म्हणून तुमच्यापैकी किती जणांनी एक ओळीचा अर्ज केला? मोबाइलवर कंपनीची तक्रार टाकायला दोन मिनिटं लागतात, एसटीची तक्रार लिहायला हात जड होतो. ‘सर, रात्री बाळंतीण न्यायची असली तर?’ तर गाडी हवीच. वाडीवस्तीवर, घाटात, पावसात, दवाखान्यासाठी गाडी लागते, आणि ज्याच्या दारात आहे त्याने ती शेजाऱ्यासाठी काढलीच पाहिजे. तरकारी बाजारात न्यायला टेम्पो लागतो. त्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. रोज एकट्याने, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी जाण्यासाठी जी मोटार तुम्ही काढता, तिच्याबद्दल मी बोलतोय. ‘सर, काळ बदलला.’ बदलला ना. १ जून १९४८ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली. १ जून २०२२ला त्याच रस्त्यावर विजेवरची शिवाई धावली. काळाबरोबर एसटीसुद्धा बदलते. तिला प्रवासी आणि मागणी, दोन्ही लागतात.

आणि गडकोटांचं काय मांडलंय? जुलै २०२५मध्ये राजगड जागतिक वारशाच्या यादीत आला. तुम्ही स्टेटस ठेवलेत, बरं केलंत. शनिवार-रविवारी पावसाळ्यात गुंजवण्याला, वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याला, मढे घाटाकडे पुण्याच्या मोटारींची रांग लागते, रुग्णवाहिका अडकते, दुधाची गाडी अडकते. तुम्ही काय करता? बापाच्या शेताचा बांध फोडून पार्किंगच्या पावत्या फाडता. शंभर रुपये दिसतात, पुढचं वर्ष दिसत नाही. सिंहगडावर मे २०२२मध्ये खासगी गाड्या थांबवून विजेच्या बस सुरू केल्या होत्या. चार्जिंगची सोय अपुरी, घाटाचा रस्ता अवघड, तयारी कमी. तो प्रयोग त्याच महिन्यात बंद पडला. त्यातून धडा असा घ्यायचा की तयारी करून बस आणा. तुम्ही धडा घेतलात की बस चालतच नाही. नसरापूरला गाड्या उभ्या करून आंबवणे, मार्गासनी, विंझर या रस्त्याने पायथ्यापर्यंत सुट्टीच्या दिवशी बस सोडल्या, तर त्याच बस सोमवारी शाळेच्या मुलींना उपयोगी पडतील. आणि पर्यटकाच्या तिकिटाने त्या फेरीचं भारमानही सांभाळलं जाईल. ही मागणी पुण्याचा पर्यटक करणार नाही. ती ग्रामपंचायतीने करायची असते, आणि ग्रामपंचायतीत आता तुम्हीच बसला आहात.

गृहपाठ देतो. टाळाटाळ चालणार नाही.

ज्यांनी शेअर घेतलेत त्यांनी त्या कंपनीचा वार्षिक अहवाल डाउनलोड करा आणि तीन आकडे वहीत उतरवा: वर्षाची विक्री, वर्षाचा नफा किंवा तोटा, विकलेले नग. भागाकार करा, मागच्या वर्षाशी ताडून बघा. हे न करता घेतलेला शेअर जुगार आहे, आणि जुगाराला जमिनीचा पैसा लावायचा नसतो. आईची ठेव मोडली असेल, ती आधी परत भरा.

नोकरीला जाणाऱ्यांनी पास काढा. रोज जमत नसेल तर आठवड्यातले निम्मे दिवस एसटीने जा. तिकीट फाडल्याशिवाय भारमान वाढत नाही, नुसत्या हळहळीची कुठं नोंद होत नाही. शिरवळ आणि खेड शिवापूरच्या कारखान्यांत जे पर्यवेक्षक झालात, त्यांनी पाळीच्या वेळा आणि एसटीच्या वेळा समोरासमोर मांडून व्यवस्थापनाशी बोला. एका पाळीला एकाच रस्त्याने येणारी चाळीस माणसं म्हणजे एक भरलेली बस आहे.

गावात राहणाऱ्यांनी मागणी लिहून काढा. ‘एसटी सुरू करा’ असा मोघम अर्ज कचऱ्यात जातो. कुठून कुठं, किती वाजता, विद्यार्थी किती, कामगार किती, दवाखान्याचे किती, हे मोजून लिहा. शाळेकडून मुलांचा आकडा घ्या, मी देतो. ग्रामसभेचा ठराव जोडा आणि आगार व्यवस्थापकांना व पुण्याच्या विभाग नियंत्रकांना पोच घेऊन द्या. महिन्याने पुन्हा जा. उत्तर मिळेपर्यंत जात राहा. फेरी सुरू झाली की तिच्यात बसा, नाहीतर सहा महिन्यांत ती पुन्हा बंद होईल आणि त्या वेळी दोष फक्त तुमचा असेल.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. वर्षातून या चार दिवशी ग्रामसभा असते. पुढची जी येईल तिला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. ठराव लिहून, आकडे भरून, सह्या घेऊन या. रिकाम्या हाताने आलात तर मला सर म्हणू नका.